गुलबक्षीच्या तीन बिया

डोंगराच्या कुशीत फुलांचं एक गाव होतं. तिथे शेवंती पिवळीधम्मक हसायची, केशरी झेंडू उन्हात चमचमायचे आणि वाऱ्यावर मोगऱ्याचा वास सांडायचा. त्या गावात मंजुळा नावाची एक मुलगी राहायची. कुणी विचारलं, "कशी आहेस गं?" की ती पटकन म्हणायची, "मजेत!" आणि हे साफ खोटं होतं.

मंजुळाला कॅन्सर झाला होता. तिच्या पायाच्या हाडात एक हट्टी गाठ येऊन बसली होती. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा फार दुर्मिळ कॅन्सर आहे. लाखात एखाद्यालाच होतो." औषधांनी तिचे काळेभोर केस गळून गेले. घरात ती आणि आई दोघीच. आई सालूबाई दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात फुलं तोडायची, तेव्हा कुठे संध्याकाळी चूल पेटायची.

पण खरी पंचाईत निराळीच होती. मंजुळाच्या घशाखाली घासच उतरत नव्हता. आई कामाला गेली की ती आपली भाकरी चिमण्यांना घालायची. चिमण्या झाल्या गुटगुटीत आणि मंजुळा झाली काडी! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "नीट जेवलीस, अंगात ताकद आली, तरच पुढचं औषध देता येईल बरं का."

घास अडत होता तो भीतीमुळे. भीती सांगायची तर कुणाला? त्या गावची रीत अशी, की आजाऱ्याच्या घरात दुखण्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की दुखणं ऐकतं आणि चेकाळतं म्हणे! म्हणून सगळे कॅन्सरला नुसतं 'ते' म्हणायचे. शेजारच्या शेवंताकाकू रोज दारात उभ्या राहून सांगायच्या, "हसत ऱ्हा बाई, हसत ऱ्हा. किती धीराची पोर!" मग धीराची पोर हसायची. गाल दुखेपर्यंत हसायची.

एका दुपारी ती मळ्याच्या कडेला सावलीत बसली होती. तिथे कुंपणाशी गुलबक्षीचं एक झुडूप मान टाकून पडलं होतं. गुलबक्षी बाजारात विकली जात नाही, म्हणून तिला कुणी पाणी घालत नसे. मंजुळाला तिचा कळवळा आला. तिने आपल्या तांब्यातलं प्यायचं पाणी हळूच तिच्या मुळाशी ओतलं.

ऊन कलायला लागलं तशी इवलीशी कळी थरथरली. पाकळ्या उलगडल्या, आणि आतून डोळे चोळत, जांभया देत बाहेर आली एक चिमुकली परी! तिचा झगा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. पंख कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ आणि त्यांवर चंदेरी चमचम.

"कोण गं तू? छान गार पाणी घातलंस," परी म्हणाली. "विकत न जाणाऱ्या फुलाला पाणी घालणारी तू पहिलीच."

"तू दुपारभर झोपतेस?" मंजुळाने डोळे विस्फारून विचारलं.

"अर्थात! गुलबक्षी संध्याकाळीच फुलते. कुणी सांगितलं म्हणून दुपारी फुलायला मी काही नोकर नाही कुणाची." आणि परीने तिच्या तळहातावर तीन काळ्या, मिऱ्यांसारख्या पिटुकल्या बिया ठेवल्या. "या घे. या तीन इच्छा. पण नियम ऐक. तुझी गाठ घालवणं माझ्या हाती नाही. ते डॉक्टरांचं काम, माझी छडी एवढुशी! मी मनाची कामं करते. इच्छा स्वतःसाठीच मागायची. आणि मला नाही सांगायची. जो माणूस ती पुरी करू शकेल, त्याच्या तोंडावर सांगायची. खरं बोललीस तर बी रुजेल."

मंजुळाने लगेच एक बी मातीत टोचली. "आईला नवं लुगडं मिळू दे!"

टुणकन! बी उडून तिच्या नाकावर आपटली.

"आईचे पाय दुखायचे थांबू देत!"

पुन्हा टुणकन! परी हसून हसून पानावर लोळली. "अगं वेडे, स्वतःसाठी!"

"पण स्वतःसाठी मागणं म्हणजे हावरटपणा ना?"

"भूक लागल्यावर भाकरी मागणं हावरटपणा असतो होय?"

मंजुळा बिया घेऊन घरी गेली. त्याच संध्याकाळी शेवंताकाकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "हसत ऱ्हा बाई." मंजुळाने बी मुठीत घट्ट धरली. "काकू, मला रोज रोज हसायचा कंटाळा येतो. तुम्ही मला हसत राहा म्हणू नका. माझ्याशी सागरगोटे खेळा."

काकूंचा आ वासलेला राहिला. मग त्यांनी पदर खोचला आणि बसल्या की फतकल मारून! काकू चक्क लबाडी करत होत्या. मंजुळा भांडली, चिडली, आणि मग खरंखुरं खळखळून हसली. तिने ती बी अंगणात टोचली आणि टुचकन एक हिरवागार कोंब वर आला.

दुसरी बी घेऊन ती आईबरोबर शहरात दवाखान्यात गेली. "डॉक्टरीणबाई, लाखात एक म्हणजे मी एकटीच ना? माझ्यासारखं कुणी असेल तर मला बोलायचंय त्याच्याशी."

"असं आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. त्यांनी पलीकडच्या खोलीतल्या ताईंना बोलावलं. पोरांच्या मनातलं ऐकणं हेच त्या ताईंचं काम. ताईंनी लांबच्या गावातल्या नफिसाच्या घरी परवानगी विचारून फोन लावून दिला. नफिसाला अगदी तस्साच कॅन्सर होता!

"ए, औषध झालं की तुला पण वरणाचा वास नको होतो का?" नफिसाने पहिल्याच दमात विचारलं.

"हो! आणि तोंडात लोखंड चाटल्यासारखं लागतं!"

दोघी खिदळल्या. मग नफिसा हळूच म्हणाली, "मला रात्री फार भीती वाटते. मग मी अम्मीला उठवते आणि सांगते."

घरी आल्यावर मंजुळाने बी मातीत टोचली. अंगणात दुसरा कोंब आला. पण घास काही उतरेना, चिमण्यांची चैन काही संपेना. आणि सोमवारी डॉक्टरीणबाई वजन बघणार होत्या.

"तिसरी बी फार जड झालीय गं," ती दाराशी आलेल्या परीला म्हणाली. "आईला भीती सांगितली तर आई मोडून पडेल."

"आईला काय वाटतं, ते तू विचारलंस कधी?" परीने तिच्या गालावर गार बोट टेकवलं. "जा. मी आहे इथे, दाराशी."

आई दमून घरी आली होती. तिने गरम पिठलं-भाकरी ताटात वाढली. मंजुळाने ताट बाजूला सारलं. "आई, मी खोटं बोलले. मी जेवत नाही. भाकरी चिमण्यांना घालते. मला खूप भीती वाटते, ती मला तुला सांगायचीय. कॅन्सर बरा झालाच नाही तर? मी मेले तर तू एकटी काय करशील?"

"गप गं! नाव काढू नगं त्याचं!" आई ओरडली. मग तिने हातातलं उलथनं खाली ठेवली आणि मंजुळाजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते. "बाळा, मलाबी लई भ्या वाटतंय. म्या रोज शेवंतीच्या वाफ्यात बसून रडते, अन् तोंड धुऊन घरी येते. तू एवढी हसतीस, मग तुझ्याम्होरं कसं रडायचं?"

"आणि मी तुझ्यासाठी हसत होते!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या. रडता रडता त्यांना स्वतःचंच हसू यायला लागलं.

"आता एकटीनं भ्यायचं न्हाई," आई तिचं डोकं कुरवाळत म्हणाली. "भ्यायचं तर दोघींनी मिळून. अन् सोमवारी त्या ताईंपाशी मीबी बोलीन."

"पण आई, आपण नाव घेतलं. आता कॅन्सर ऐकेल ना?"

"ऐकू दे मेल्याला!"

मंजुळा खुदकन हसली. तेवढ्यात तिच्या पोटात गुरगुर झाली. किती दिवसांनी! तिने घास मोडला, तोंडात घातला, आणि तो सुळकन खाली उतरला. मग दुसरा. मग तिसरा.

तिच्या खिशातली तिसरी बी टुणकन अंगणात उडाली आणि रुजली. तिन्ही कोंब गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या फुलांनी डवरले. परी अलगद वर उडाली. तिच्या पंखांतून सोनेरी, रुपेरी उजेड झरझर पाझरला, सगळं अंगण लख्ख झालं, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली. जाताना तिने मंजुळाला हात केला होता. पण मंजुळाला ते दिसलंच नाही, कारण ती आईला म्हणत होती, "अजून एक भाकरी वाढ ना, आणि तूप जरा जास्त."