अस्वलाची दहावी लढत

सातपुड्याच्या दाट रानात, जिथे नदी काळ्या कातळांमधून वाट काढत जाते, तिथे एक अस्वल राहत असे. मुलांनो, चित्रांत तुम्ही पुष्कळ अस्वले पाहिली असतील; पण याच्यासारखे अस्वल त्या रानानेसुद्धा पूर्वी पाहिले नव्हते. मागच्या दोन पायांवर ते उभे राहिले की सागाचे खोड उभे असावे तसे दिसे. आणि त्याचा डावा पंजा! तो सुटलेला कुणाला दिसतच नसे. समोरचा कोलमडला, म्हणजे पंजा सुटला होता असे समजायचे.

दर चैत्रात नदीतल्या मोठ्या सपाट कातळावर ठोशांची लढत होई. दोघांनी मागच्या पायांवर उभे राहायचे, पंजे मिटून ठोसे मारायचे, दात-नखे लावायची नाहीत. ज्याचा पुढचा पंजा आधी जमिनीला टेकेल तो हरला. जो जिंके, त्याच्याकडे वर्षभर मोहाचे बन राही. त्या बनातली फुले कुणी खायची आणि कुणी नाही, हे तोच ठरवी. या अस्वलाच्या आधी ज्याच्याकडे बन होते, त्याने काटेरी फांद्या टाकून वाटाच बंद केल्या होत्या. तो उन्हाळा अनेकांनी झाडाच्या साली चघळून काढला होता. हे अस्वल मात्र नऊ वेळा जिंकले आणि नऊही वर्षे त्याने बन सगळ्यांना मोकळे ठेवले. सकाळी मोहाची फुले टपटप गळत, आणि हरणापासून खारीपर्यंत जो तो पोटभर खाई.

दहाव्या चैत्राच्या तोंडावर कावळा बातमी घेऊन आला. डोंगरापलीकडचे एक तरुण अस्वल लढतीला येणार होते. ही बातमी ऐकली मात्र, जांभळीखाली वादाला तोंड फुटले.

"आला की पडला म्हणून समजा!" वानर फांदीवरून ओरडले. "आपल्या अस्वलदादांसारखा लढवय्या झाला नाही आणि पुढे होणार नाही."

"दादा मोठे, हे कबूल," कोल्हा म्हणाला. "पण नऊ लढती जिंकले त्या कुणाशी? एक लंगडत आला होता. एकाला आदल्या दिवशी मधमाश्या चावल्या होत्या, त्याचे डोळेसुद्धा उघडत नव्हते."

"आणि तो कड्यावरचा? दादांच्या दीडपट होता तो! तू शेपूट घालून करवंदीच्या जाळीत बसला होतास, म्हणून तुला दिसला नाही."

"मी लपलो नव्हतो. मला ऊन लागत होते," कोल्हा गुरगुरला. "आणि गेल्या वर्षीची लढत आठव. दादा किती वेळ धापा टाकत होते? वय काय थांबते कुणासाठी?"

कावळा मान तिरकी करून म्हणाला, "पलीकडचा मी स्वतः पाहिला आहे. खांदे असे, की दोन गिधाडे शेजारी शेजारी बसतील. पाय हलके. डावा काय आणि उजवा काय, दोन्ही पंजे सारखेच चालतात."

वानराने रागाने एक कच्चे जांभूळ कावळ्याला फेकून मारले. वाद संध्याकाळपर्यंत चालला. शेवटी सगळे कासवाकडे गेले. लढतीचा निवाडा वर्षानुवर्षे कासवच देत आले होते, कारण जमिनीलगतचे त्याच्याइतके नीट कुणालाच दिसत नसे.

"कासवआजोबा, तुम्ही सगळे विजेते पाहिलेत," वानर म्हणाले. "सांगा याला, दादाच सर्वांत मोठे ना?"

कासवाने सावकाश मान बाहेर काढली. "एक होता, त्याच्या ठोशाने कातळावरचे शेवाळ सुटून येई. एक होता, तो दिवसभर उभा राहिला आणि समोरचा नुसता दमून पडला. त्यांत आपला हा कुठे बसतो, ते मला विचारू नका. टेकलेला पंजा मला ओळखता येतो. मोठेपण मोजायला मी फार खाली राहतो."

परतताना वानराने कोल्ह्याला डिवचले, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "दादा हरावेत, असे मला वाटते असे समजू नकोस. घरी माझी चार पिल्ले आहेत. बन गेले तर मी त्यांना काय घालू? म्हणून जीव घाबरा होतो, आणि मग तोंडातून तसले निघते."

वानर म्हणाले, "उद्या उजाडताच दादांनाच जाऊन विचारू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच वानर, कोल्हा आणि कावळा नदीवर आले, आणि झाडामागेच थबकले. नदी अरुंद होऊन जिथे सर्वांत जोराने धावते, तिथे अस्वल छातीइतक्या पाण्यात मागच्या पायांवर उभे होते. धार त्याला मागे रेटत होती आणि ते तसूभरही हलत नव्हते. डावा, उजवा, डावा. प्रत्येक ठोशासरशी धार फुटे आणि अस्वलाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी होऊन जाई. कोल्हा ठोसे मोजू लागला आणि थोड्या वेळाने मोजायचेच विसरला. सूर्य वर आला. नदी दमली नाही आणि अस्वलही दमले नाही. वानराने नकळत हात जोडले होते.

अखेर अस्वल काठावर आले. अंग झाडताना त्याला ते तिघे दिसले. आता मात्र कोल्ह्याला राहवेना.

"दादा, तुम्ही जिंकाल ना?"

"ठाऊक नाही रे," अस्वल म्हणाले.

वानराचा विश्वास बसेना. "म्हणजे? तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते ना. नऊही वेळा वाटली होती. जितकी भीती वाटते, तितका वेळ मी पाण्यात उभा राहतो."

"आणि... हरलात तर?" कोल्ह्याने भीत भीत विचारले.

अस्वलाने मान वळवून नदीकडे पाहिले. "हरलो, तर मला हरवणारा कसा असतो, ते तरी पाहायला मिळेल. इतकी वर्षे ते कुतूहल आहेच."

त्याच दिवशी कावळा डोंगर ओलांडून तरुण अस्वलाला पुन्हा पाहून आला. परतल्यावर नेहमीसारखी त्याने काव काव केली नाही. फांदीवर बसून एवढेच म्हणाला, "तोही छातीइतक्या पाण्यात उभा आहे. तसेच ठोसे मारतो आहे."

लढतीचा दिवस उजाडला. सारे रान नदीकाठी लोटले. तरुण अस्वल कातळावर आले आणि वानराने गर्दीत हळूच सुस्कारा सोडला, कारण कावळ्याने खांद्यांचे जे वर्णन केले होते, ते कमीच होते. दोघे समोरासमोर उभे राहिले. कासवाने मान हलवली आणि लढत सुरू झाली.

अशी लढत पुढे कधी झाली नाही, असे त्या रानात अजून सांगतात. पहिला ठोसा म्हाताऱ्या अस्वलाचा. डावा पंजा कुणाला दिसला नाही, फक्त 'धप्' असा आवाज झाला. आजवर त्या आवाजानंतर समोरचा पडत असे. तरुण अस्वल झोकांडले, पण पडले नाही. मग तरुण अस्वलाने ठोसे चालवले, आणि म्हाताऱ्याने ते खांद्यावर, दंडावर, कधी नुसती मान कलती करून हवेत घालवले. सूर्य डोक्यावर आला. दोघांच्या तोंडाला फेस आला होता. दोन्ही अस्वले एकमेकांच्या छातीला छाती लावून क्षणभर विसावत आणि पुन्हा सुटी होत. एकदा तरुण अस्वलाचा पंजा कातळापासून चार बोटांवर आला. वानराने आरोळी ठोकली. पण ते सावरले, आणि सावरता सावरता खालून वर असा एक ठोसा त्याने मारला, की तसला ठोसा त्या कातळावर कुणी पाहिलाच नव्हता.

म्हातारे अस्वल मागे गेले. एक पाऊल, दोन पावले. तिसऱ्या पावलाला त्याचा डावा पंजा अलगद कातळाला टेकला.

कासवाने पंजा नीट पाहिला. मग म्हणाले, "टेकला."

टाळी नाही, आरोळी नाही. नदीचा आवाज तेवढा येत होता. कोल्ह्याचे म्हणणे खरे ठरले होते. वानर तोंड फिरवून रडत होते. आता बनाचे काय होणार, या विचाराने हरणे एकमेकांना बिलगली.

तरुण अस्वलाने ना डरकाळी फोडली, ना छाती बडवली. ते आले आणि म्हाताऱ्या अस्वलापुढे कातळावर बसले.

"काका," ते म्हणाले, "मी लहान असताना आईच्या पाठीवर बसून पलीकडच्या काठावरून तुमची एक लढत पाहिली होती. त्या दिवसापासून मी रोज तुमच्यासारखा उभा राहतो. पाण्यात उभे राहायचे, हेही तुम्हाला चोरून पाहूनच शिकलो. बन जसे तुम्ही ठेवलेत तसेच राहील. ज्याने त्याने यावे, खावे."

काठावर एकदम कुजबूज उठली. कोल्हा जिथे होता तिथेच मटकन बसला.

म्हातारे अस्वल मात्र वेगळ्याच विचारात होते. जबडा चोळत ते म्हणाले, "बाकी सारे ठोसे माझेच होते, ते मी ओळखले. पण तो शेवटचा ठोसा माझा नव्हता. तो कुठे शिकलास?"

"तुमचा डावा पंजा कसा चुकवायचा, याचा मी सहा वर्षे विचार केला," तरुण अस्वल म्हणाले. "मनातल्या मनात तो चुकवता चुकवता हा सापडला. तुमचा पंजा नसता, तर हा ठोसा मला कधी सुचलाच नसता."

म्हाताऱ्या अस्वलाचे डोळे चमकले. नऊ वेळा जिंकल्यावर जे हसू त्याच्या तोंडावर कुणी पाहिले नव्हते, ते आज हरल्यावर दिसले.

काठावर कोल्हा वानराच्या जवळ सरकला. "वानरा, तुझेच बरोबर होते," तो म्हणाला.

"अरे, पण दादा हरले ना!" वानर डोळे पुसत म्हणाले.

"हरले, हे मी पाहिले. पण हरवायला कोण लागला, तेही पाहिले."

तेवढ्यात कातळावर हालचाल झाली. म्हातारे अस्वल कण्हत कण्हत पुन्हा मागच्या दोन पायांवर उभे राहिले होते, आणि त्याने तरुण अस्वलालाही हाताला धरून उठवले.

"ये," ते म्हणाले. "तो ठोसा मला पुन्हा दाखव. या वेळी सावकाश मार, मला शिकायचा आहे."

तात्पर्य एवढेच : ज्याला हरवण्यासाठी दुसऱ्याला आधी त्याच्याइतके मोठे व्हावे लागते, त्याचे मोठेपण हरल्यानेही उणे होत नाही; आणि जो हरल्यावरही शिकायला उभा राहतो, त्याच्या मोठेपणाचा वाद घालायची गरजच उरत नाही.