वाकणची शीव चालणारी बायजाआत्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका, मी सांगतो तेवढी ऐका. तेव्हा धामणगड नावाचा एक मतदारसंघ होता. आता नकाशात शोधलात तर सापडायचा नाही. त्याच्या शेजारी सोनकळी मतदारसंघ, आणि दोघांच्या मधून भोरडी नदी. कुणीतरी कागदावर 'हद्द नदीपर्यंत' असं लिहिलं आणि झाले मोकळे.

पण भोरडी काय कागद वाचते? देशातल्या पहिल्या मतदानाच्या आदल्या साली असा पूर आला की नदी फुटली. एकीच्या दोन धारा झाल्या आणि मधल्या चिंचोळ्या जमिनीवर आमचं वाकण अडकलं. धामणगडवाले त्यांच्या बाजूच्या धारेवर थांबले, सोनकळीवाले त्यांच्या. मतदान झालं तेव्हा दोन्ही काठांवर हलगी वाजली आणि आमची माणसं मधे उभी राहून नुसती बघत होती. वाकणचं नाव एकाही यादीत नव्हतं. यादीत नाव नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून आमदार नाही, आणि आमदार नाही म्हणून शाळा, दवाखाना, साकव कशाचाच पत्ता नाही. धामणगडचे पहिले आमदार वकील होते, गोड बोलायचे. आमची माणसं अर्ज घेऊन गेली तर म्हणाले, "अहो, तुम्ही माझे नव्हेच!" सोनकळीचे आमदार तेवढं गोडही बोलले नाहीत.

अशी पाच वर्षं गेली. दुसऱ्या मतदानाच्या आधी टिपणीस नावाचे साहेब हद्दी तपासायला आले. माणूस कडक, पण सरळ. म्हणाले, "पुराच्या आधीची जुनी शीव मला दाखवा. वाकण शिवेच्या ज्या बाजूला निघेल त्या मतदारसंघात लिहितो. तोंडी चालणार नाही. चार दिवस थांबतो, मग मी निघालो. पुन्हा कोण कधी येईल, देव जाणे."

आता शीव दाखवायची कशी? शिवेचे सतरा धोंडे होते, पण सगळे गाळाखाली गेलेले. म्हातारीकोतारी डोकी खाजवत बसली. तेव्हा कुणाला तरी आठवली बायजाआत्या.

बायजाआत्या म्हणजे रामा वेसकराची लेक. वेसकरानं वेस राखायची, गावाचा सांगावा न्यायचा आणि बदल्यात घरोघरची भाकरी घ्यायची, ती उंबऱ्याबाहेर उभं राहून. पंगतीत त्याला जागा नव्हती. पण शिवेचा तंटा निघाला की बड्याबड्यांची तोंडं बंद आणि वेसकराचा शब्द शेवटचा! रामाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं लेकीला बरोबर घेऊन शीव चालवली होती. तो गेला, लेक विधवा होऊन परत आली आणि वेशीजवळच्या खोपटात राहू लागली. सगळा गाव तिला आत्या म्हणायचा.

शीव चालायची आमच्याकडं एक रीत होती. डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घ्यायचं, पाय अनवाणी, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. एक पाऊल खोटं पडलं तर चालणाऱ्याचा वंश बुडतो, असं म्हणतात. त्या भीतीपोटी कुणी लबाडी करत नसे.

आत्या उभी राहिली तसा चावडीवरचा एक जण कुजकं हसला. "हिला पोर ना बाळ. हिचं काय बुडणार?"

आत्या म्हणाली, "खरं हाय. माजा वंश न्हाई. मग तुमचा घेते. आख्ख्या वाकणचा वंश ह्या ढेकळात घालते. माजं पाऊल चुकलं तर तुमची घरं बसतील. हाय कबूल?"

कोण हो म्हणणार? शेवटी माझी आजी पुढं झाली, कडेवर पोर घेऊन. तिनं दोन्ही हातांनी ढेकूळ उचललं आणि आत्याच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाली, "चल आत्या. आसं बी बुडालोच हाय."

आणि आत्या चालायला लागली. पुढं ती, मागं साहेब, त्यांच्या मागं सगळा गाव. जिथं ती काठी आपटायची तिथं गडी खणायचे आणि हातभर खाली टण्णकन धोंडा वाजायचा. पहिल्या दिवशी सहा धोंडे निघाले. एकही काठी फुकट गेली नाही. गडी म्हणायचे, आम्ही खणत नव्हतो, धोंडेच वर यायला बघत होते.

दुसऱ्या दिवशी शीव धारेत शिरली. तिथं नावाड्याचा बांबू तळाला लागत नसे. साहेब ओरडले, "बाई, थांबा! राहू द्या ते!" पण ती बोलणार कशी? ती सरळ पाण्यात उतरली. कुणी म्हणतं पाणी तिच्या गळ्याशी आलं, कुणी म्हणतं घोट्याच्या वर चढलंच नाही. माझ्या बापानं आजीच्या कडेवरून पाहिलं होतं. तो शपथेवर सांगायचा की पाणी आत्याच्या दोन्ही अंगांनी वळून चाललं होतं. पलीकडं निघाली तेव्हा डोक्यावरचं ढेकूळ कोरडं ठणठणीत. आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! म्हणा. पण साहेबांनी त्या काठावर पायातले बूट काढले आणि पुन्हा वाकण सोडेपर्यंत घातले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सतरावा धोंडा लागला. आत्या थांबली आणि पहिल्यांदा खाली बसली. आजी ढेकूळ उतरवायला गेली आणि तिनं किंकाळीच फोडली. ढेकळाला ज्वारीचे कोंभ फुटले होते, बोटबोटभर! बायका आत्याच्या पाया पडल्या, कुजकं हसणाराही पडला. वाकण धामणगडच्या बाजूला निघालं. साहेबांनी तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पाच वर्षं कुणाचेच नव्हतो, आता झालो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मतदानाच्या दिवशी काय झालं ते सांगायलाच हवं.

गावानं रांगेत आत्याला सगळ्यांच्या पुढं उभं केलं. ती धुवट लुगडं नेसून आलेली. मतदान घ्यायला आलेल्या मास्तरांनी यादी पाहिली, उलटून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. दोनशे बारा नावं होती. बायजा रामा नव्हती.

झालं होतं असं. आत्या शीव चालत होती त्याच तीन दिवसांत साहेबांचा कारकून घरोघर जाऊन मागं राहिलेल्यांकडून नावं लिहून घेत होता. दारात उभा राहून एकच विचारायचा, "उंबऱ्याच्या आत कोण कोण?" आणि प्रत्येक घरानं अगदी खरं सांगितलं. जिनं रोज त्याच उंबऱ्यांच्या बाहेर भाकरी घेतली, ती कुणाच्याच मोजणीत आली नाही. तिच्या खोपटाला कडी होती. माझ्या आजीच्या घरानंही तिचं नाव सांगितलं नाही. मला आजही सांगताना लाज वाटते.

रांगेतून कुणी वर मान करेना. आजी रडायला लागली. म्हणाली, "मग आमी बी मत टाकत न्हाई."

आत्या खवळली. "गप बसा! मी काय तुमाला रुसून बसायला शिकवाय चालले व्हते? जा, टाका." मग मास्तरांकडं वळून हळूच म्हणाली, "साहेब, माजंच चुकलं. तवा मी घरी नव्हते."

दोनशे बारा माणसांनी मत टाकलं. शेवटचं माणूस बाहेर येईतो आत्या दाराशी उभी होती.

पुढच्या यादीआधीच ती गेली. पुढं धामणगड मोडला, वाकण सोनकळीत गेलं, मग सोनकळीचंही नाव पुसलं. तीनदा रेघा बदलल्या. आमदारही किती झाले, वकील झाले, डॉक्टर झाले, एक शाळेतल्या बाई झाल्या. पण कुठल्याही नकाशात वाकण पुन्हा वगळलं गेलं नाही. रेघ मारणाऱ्याचा हात सतरा धोंड्यांपाशी आपोआप वळतो, असं म्हणतात.

आणि एक गोष्ट वाकण अजून करतं. यादी करायला माणूस आला की प्रत्येक घर आपल्या माणसांच्या आधी एक नाव सांगतं, "लिहा, बायजा रामा." नवीन कारकून असला की गोंधळतो. गेल्या खेपेला एक पोरगी आली होती, आमच्या दारात चिडून म्हणाली, "अहो, ही बाई प्रत्येक घरात कशी राहील? शेजारच्यांनीही हेच नाव सांगितलंय!"

माझी सून म्हणाली, "त्यांनी सांगितलं असेल, बाई. पण तुम्ही आमच्याकडनंही लिहून घ्या."