कोंडजाईची चोरी

वाघेदऱ्याची कोंडजाई देवी वर्षातून एकदा चोरीला जाते. ज्येष्ठात गावची सगळ्यांत नवी सून तिला शेणाच्या पाटीत घालून खालच्या माळाकडे पळते आणि म्हातारे काठ्या घेऊन, शिव्या देत मागे धावतात. पाहुण्यांना गंमत वाटते. गोष्ट मात्र गमतीची नाही.

असं सांगतात, की पूर्वी वरच्या आळीची घरं डोंगराला पाठ टेकून एका रांगेत उभी होती. येसू तिथलीच सून. एका पावसाळ्यात तिचं सारवण फुटायला लागलं. आज लिंपलेली जमीन उद्या सकाळी त्याच जागी उललेली, या कुडापासून त्या कुडापर्यंत.

"माहेरी शेण कालवाय शिकिवलं न्हाई व्हय गं?" सासू म्हणाली.

येसूनं पुन्हा सारवलं. पुन्हा फुटलं. शेजारी बारशाला गेली, तर तिथंही तीच भेग आणि तिथली सूनही तीच बोलणी खात होती. पलीकडच्या घरातही तेच. आळी संपली तरी भेग संपेना. ती रानात शिरली होती आणि तिथं येसूचा हात कोपरापर्यंत आत गेला. अख्खी आळी डोंगरापासून सुटत होती.

देवीच्या चौथऱ्यापाशी म्हातारे बसले होते. येसूनं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, पण उठून बघायला कुणी गेलं नाही. तंबाखू मळून झाल्यावर त्यांच्यातल्या धाकूबाबानं निवाडा दिला: सुनांनी शेण वाढवावं.

"धाकूबाबा, जमीन सरकतीया."

"तुझा सासरा जल्मभर हितं ऱ्हायला. त्याला न्हाई दिसली सरकताना."

"मामंजींनी कधी सारवलं व्हतं?"

धाकूबाबाचा चेहरा उतरला, तरी हेका सुटला नाही. "कोंडजाई उठंल तवा आमी उठू," तो म्हणाला.

येसू एकटी निघून गेली असती. पण तान्ही लेक सासूच्या कडेवर होती, आणि सासूनं ठणकावलं, "जायाचं तर तू जा. नात हितंच ऱ्हाईल."

तेव्हा येसूनं म्हणे देवीपुढं पदर पसरला. लेक खाली पोचली तर दर साली तुला अशीच उचलीन, असा नवस बोलली आणि भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, देवीला शेणाच्या पाटीत टाकून पळत सुटली.

भेग बघायला जे उठले नव्हते, ते आता ताडकन उठले. पोराबाळांसकट आळी रिकामी झाली. सगळ्यांत मोठ्या आवाजात शिव्या घालत सासू आली, नात कडेवर घेऊन. माळावर धाकूबाबाची काठी येसूच्या पाठीत बसली, तेवढ्यात मागं डोंगर कडाडला. वळून बघतात तो आळी नव्हती, नुसता चिखल उतरत होता.

सासूनं नात येसूच्या ओटीत ठेवली. धाकूबाबा म्हणाला, देवीनं वाचवलं. काठीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणे.

आजही ज्येष्ठात सून पळते, म्हातारे धावतात, धापा टाकत माळावर नैवेद्य खातात. मग देवीला पालखीत घालून वर नेतात आणि स्वतःही वरच निजायला जातात, कारण त्याच दरडीवर आता सिमेंटची घरं आहेत. आणि तिथली फरशी तडकली, की सुनेचं चालणं जड आहे, असंच आजही सांगतात.