समासातले राखणदार

त्या वर्षी श्रीअलक्षनाथ महाराज चातुर्मासासाठी नांदुरखेडच्या मठात उतरले होते. मठ अगदी नदीकाठी. ओल इतकी, की दारं फुगून चौकटीत अडकत.

मठात विसाजी नावाचा भाविक पोथ्या लिहिण्याच्या सेवेला होता. मागच्या पुरात त्याची बायको वाहून गेली, तेव्हापासून त्याचं चित्त कशातच ठरत नसे. जेवता जेवता उठे, दारापर्यंत जाई, कशाला आलो ते विसरून परत येई. बोरू हातात असे तेवढा वेळच तो एका जागी बसे. पण तेव्हाही ओळ संपली तरी हात थांबत नसे. हिंगुळाच्या तांबड्या रेघेबाहेर, समासात, काहीबाही उमटे. सोंडेचा मासा. माणसाच्या पायांचा मोर. पाठीवर डोळा असलेला खेकडा. सगळ्यांची तोंडं अक्षरांकडे, जणू आत शिरायला टपलेली!

हरिकथेचा सप्ताह उद्यावर आला, तशी कथा सांगणाऱ्या मोरेश्वरशास्त्र्यांनी विसाजीची नवी पोथी चारचौघांत उघडली.

"विसाजी, ही हरिकथा की जत्रेतली सोंगं? हा मासा सोंड घेऊन निघालाय कुठं, लग्नाला?"

मंडळी खो खो हसली.

"श्रोते कथा ऐकतील की ही जनावरं बघतील? उद्या मी माझ्या आजोबांच्या हातची पोथी वाचीन. समास कसा धुतल्यासारखा आहे बघ! तू ह्या सगळ्यांवर हरताळ फास. आणि यापुढे मठाच्या पोथीला हात लावायचा नाही."

विसाजीला वाटलं, लिहायचं नाही, तर बसायचं कुठं? चुकलेलं झाकायच्या पिवळ्या हरताळाची वाटी घेऊन तो महाराजांसमोर उभा राहिला.

"महाराज, मी पापी आहे. नाम लिहितो आणि मनात हे असले येतात. आत जाऊ नयेत म्हणून बाहेर काढून ठेवतो."

महाराज हसले. "बाहेर काढलेस ना? मग राहू देत उभे. दाराशी कुणीतरी हवंच की, बाळा."

त्यांनी वाटी काढून घेतली आणि आपल्या आसनाखाली सरकवली. "हरताळाचं उद्या बघू," महाराज म्हणाले.

संध्याकाळी शास्त्र्यांनी आपली पोथी मठाच्या पेटीत सर्वांत वर ठेवली. विसाजीची गेली तळाशी, ओल्या जमिनीलगत. घरी विसाजी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सकाळी श्रोते जमले, शंख वाजला. शास्त्र्यांनी पेटीत हात घातला, तो मातीनं भरून बाहेर आला. वाळवी! आजोबांच्या पोथीचा रुमाल वरून धड दिसत होता. सोडला तेव्हा आतून नुसता चुरा सांडला.

"आजोबांचं अक्षर होतं हो..." शास्त्री तिथंच मटकन बसले. कुणीच हसलं नाही.

विसाजीनं मातीत कोपरापर्यंत हात घालून आपली पोथी ओढून काढली. पानं उघडली. प्रत्येक पानाची कड कुरतडलेली होती. पण तांबड्या रेघेच्या आत एकाही अक्षराला धक्का नव्हता. जाणता माणूस म्हणेल, हरताळ विषारी, कीड त्याच्या वाटेला जात नाही. खरंच आहे. पण हरताळ तर महाराजांच्या आसनाखाली होता. पोथीला त्याचा कणही लागला नव्हता.

आणि ती चित्रं! त्यांनी अक्षरांकडे पाठ केली होती. माशाची सोंड बाहेर उगारलेली, खेकड्याच्या नांग्या उघड्या, मोराच्या चोचीत वारुळाची माती. विसाजीला आपली रेघ न् रेघ ओळखता येई. असं त्यानं काढलंच नव्हतं.

शास्त्र्यांनी पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. "महाराज, हे काय?"

"मला काय विचारता? राखण त्यांनी केली," महाराज म्हणाले. "रात्रभर उभे आहेत बिचारे. आता वाचायला बसा, श्रोते खोळंबलेत."

शास्त्र्यांनी महाराजांच्या चरणी डोकं ठेवलं. मग ते विसाजीकडे वळले. तो लाजून पाय मागे घेऊ लागला, तरी ते वाकलेच. त्याच्याच पोथीवर त्यांनी कथा लावली. ऐकताना विसाजी एकदाही उठून दारापर्यंत गेला नाही.

कथा आटोपल्यावर शास्त्री त्याच्यापाशी आले.

"विसाजीपंत, माझ्या घरासाठी एक पोथी लिहून द्याल का?" आणि हात जोडून हळूच म्हणाले, "समास तेवढा रुंद ठेवा."