झिलूचा लोकल ऑसिलेटर

वेळकोंड बंदरात झिलू नावाचा एक भोळा राहत होता. भोळा हे आपलं सभ्य भाषेत. देवानं अक्कल वाटली तेव्हा हा चाळण घेऊन गेला होता. तरी मामाच्या वशिल्यानं टेकडीवरच्या रडार केंद्रात चिकटला. धुक्यात मच्छीमार होड्यांना वाट दाखवायचं ते केंद्र.

तिथली यंत्रं मिसाळबाई सांभाळत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "ही पेटी म्हणजे लोकल ऑसिलेटर. चालू केलास की आधी गरम होऊ दे. मग कामाला लाग."

झिलूनं बटण दाबलं. पेटीखाली शेगडी पेटवली, वर गोधडी घातली. पडद्यावरच्या होड्या एकेक करून नाहीशा झाल्या.

बाई धावत आल्या. "अरे गाढवा! फार तापला की तो भरकटतो. तापला तर लगेच गार करायचा!"

"असं होय," झिलू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले. जळकी गोधडी बघून तापले. झिलूनं घागर उचलली आणि त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

"हे काय रे?"

"तापलात, साहेब. भरकटाल."

साहेब निथळत बाईंना म्हणाले, "याला लोकल म्हणजे काय ते तरी कळतं का?"

"कळतं की," झिलू म्हणाला. "लोकल म्हणजे गावातला. माझ्यासारखा."

बाईंनी कपाळावर हात मारला. "नीट ऐक. होडीवर आपटून परत येणारी लाट फार भरभर थरथरते. ती सांभाळणं अवघड. म्हणून लोकल आपली दुसरी लाट तयार करतो, जराशा वेगळ्या वेगाची. दोन्ही मिसळायच्या. मग दोघींतला फरक उरतो. तो संथ असतो, सांभाळायला सोपा. कळलं?"

"कळलं." ज्याला काही कळत नाही, तोच इतक्या झटकन 'कळलं' म्हणतो.

त्याच आठवड्यात दाट धुकं उतरलं. बाई जनरेटर बघायला खाली गेल्या. "शिकवलंय तेवढंच कर," म्हणून बजावून गेल्या.

वायरलेसवर 'भगवती' होडीचा तांडेल ओरडला, "केंद्र, काय दिसत नाय! खंय वळू?"

तेवढ्यात तिच्या उजव्या बाजूनं चाललेल्या 'दर्याराणी'चा तांडेलही ओरडू लागला. झिलूला घाम फुटला. दोन होड्या एकदम सांभाळायच्या म्हणजे अवघड! मग त्याला बाईंचा धडा आठवला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. भगवतीला त्यानं उजवीकडे वळवलं, दर्याराणीला डावीकडे.

वायरलेसमधून धाडकन आवाज आला. दर्याराणी फुटली आणि बुडाली. नशीब, तिच्यावरची माणसं भगवतीनं दोर टाकून वर ओढली.

आरडाओरडा ऐकून बाई धापा टाकत वर आल्या. "झिलू! दोन होड्या होत्या ना रे? काय केलंस?"

झिलूनं मोठ्या अभिमानानं पडद्याकडे बोट दाखवलं.

"मिसळल्या, बाई. आता एकच उरलीय. सांभाळायला सोपी."