नथनेलचा नवस

“मोडलेल्या नवसासाठी देव किती वर्षं थांबतो, बाबा?”

पाळकबाबा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नवस कुणाचा?”

“माझा.”

आता बाबांनी वर पाहिलं. पायरीखाली, भर उन्हात, नथनेल मकासरे उभा होता. हातात पत्र्याची ट्रंक. फाट्यावर एसटीतून उतरून माळ तुडवत आला होता.

धर्मशिक्षणाच्या शाळेत तो बाबांचाच विद्यार्थी. आता नावाजलेला उपदेशक. देवाच्या न्यायाच्या दिवसाविषयी तो बोलू लागला की बायका पदर तोंडाशी धरत, पुरुष माना खाली घालत. त्याला त्याचा अभिमान होता. एकदा तो म्हणाला होता, “लोक थरथरायला लागले की मी ओळखतो, देव मंडपात आला.”

आज त्याचेच ओठ थरथरत होते.

“सावलीत ये,” बाबा म्हणाले.

“आधी मला इथं ठेवून घ्या. मग येतो.”

‘इथं’ म्हणजे माळावरच्या कुष्ठधामात. चर्चच्या पाळकपणातून निवृत्त झाल्यावर बाबा इथंच राहायला आले होते. सकाळ-दुपार रोग्यांच्या जखमा धुवायच्या, संध्याकाळी त्यांच्यासोबत प्रार्थना करायची. बस.

“काय बोलला होतास नवस?”

“शाळेत असताना मला विषमज्वर झाला होता. तुम्हीच उशाशी बसायचात. तेव्हा देवाला म्हटलं, मला वाचव, मी जन्मभर महारोग्यांची सेवा करीन. त्यानं वाचवलं. मी मात्र आलो नाही. उपदेशक झालो. लोक नाव घेऊ लागले. लग्न केलं...”

“मग?”

“मग त्यानं पहिलं लेकरू नेलं. जन्मलं तेच निर्जीव.”

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आता दीनाला पुन्हा दिवस गेलेत. नववा लागलाय. ती पोटावर हात ठेवून झोपते, आणि मी जागा असतो. वाटतं, तो दाराबाहेर येऊन थांबलाय... वसुलीला.”

“दीनाला काय सांगून आलास?”

“आता परत येणार नाही, असं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, बाळाचं तोंड तरी बघून जा.” नथनेलनं ट्रंक खाली ठेवली. “मी म्हटलं, मी थांबलो तर बघायला बाळ उरणार नाही.”

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग उठले. आत जाऊन घमेल्यात कोमट पाणी आणलं, स्वच्छ फडकी आणली.

“सेवा करायचीय ना? कर.”

ओसरीच्या टोकाला लहानू बसला होता. म्हातारा, या कुष्ठधामातला सर्वांत जुना रोगी. त्यानं पट्टी सोडून पाय पुढे केला. टाचेला मोठी जखम होती.

नथनेल खाली बसला. पाणी ओतू लागला. निम्मं पाणी जमिनीवरच सांडलं. जखम पुसताना तो मध्येच दचकून मागे बघायचा. मागे कोणीच नव्हतं.

लहानूनं पाय ओढून घेतला.

“दुखलं का?” नथनेलनं घाबरून विचारलं.

“माझ्या पायाला काय कळतंय, लेकरा? बधिर हाय त्यो. पर डोळं हायेत की मला.” लहानू बाबांकडे वळला. “पाळकबाबा, ह्याच्या मागं कोन काठी घेऊन हुबं हाय वं?”

बाबांनी घमेलं उचललं आणि उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. लहानूची जखम स्वतः पुसली, पट्टी बांधली.

मग म्हणाले, “नथनेल, घरी जा.”

“माझं काही चुकलं का?”

“इथं आधीच सगळे तसलेच आहेत. देव तुमच्यावर कोपलाय, असं सांगून गावांनी हाकललेले. त्यात आणखी एक नको.”

“आणि नवस?”

“तापात बरळला होतास. तापातलं बोलणं मीसुद्धा मनावर घेत नाही.”

“तुम्ही देव नाही, बाबा!”

“नाही.”

“तुमचं चुकलं तर? भोगावं माझ्या लेकराला लागेल.”

वारा सुटला होता. वाळत घातलेल्या पट्ट्या दोरीवर फडफडत होत्या. त्या आवाजानंही नथनेल दचकला.

त्यानं ट्रंक उचलली. दोन पावलं गेला... थांबला. कुठं जावं हेच त्याला कळेना. घराकडे जावं तर देवाची भीती, इथं राहावं तर बाबा ठेवत नाहीत.

“पहिलं लेकरू गेलं,” बाबांनी मागून विचारलं, “तेव्हा रडलास?”

“नाही.”

“का?”

“रडणं म्हणजे कुरकुर. वाटलं, तो आणखी रागावेल.”

“आणि दीना?”

नथनेल पाठमोराच उभा राहिला.

“दीना रडली?” बाबांनी पुन्हा विचारलं.

“तिनं हंबरडा फोडला होता... मी तिच्या तोंडावर हात दाबला.”

“मग?”

“गप्प होईपर्यंत काढला नाही.”

लहानूनं मान खाली घातली.

“मुलगा होता की मुलगी?” बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मुलगी.”

“नाव काय ठेवलंत?”

“मेलेल्या लेकराला कसलं नाव, बाबा?”

“दिसायला कशी होती?”

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. तो वळला.

“जावळ दाट होतं. हनुवटी... हनुवटी दीनासारखी.”

बाबा ओसरीवरून खाली उतरले आणि अंगणातल्या धुळीत बसले. मोठ्यानं रडू लागले. माणूस गेलेल्या घरात रडतात तसं, ऊर बडवून, गळा काढून. आजूबाजूच्या खोल्यांतून रोगी दारात आले.

नथनेलच्या हातून ट्रंक सुटली. चेहरा पांढराफटक पडला. त्यानं वर आभाळाकडे पाहिलं, तो धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि बाबांचं तोंड बंद करायला हात पुढे केला.

हात वाटेतच थांबला.

तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याच्या घशातून काहीतरी वर येऊ लागलं. त्यानं ते दात आवळून धरलं.

“बाबा, हळू...” तो कसाबसा म्हणाला. “देव ऐकेल.”

बाबांनी त्याला कुशीत ओढलं.

“त्यानं ऐकावं म्हणूनच रडतोय.”