मोतीशेटच्या खुणा

एका गावात एक विणकरीण होती, गिरजाबाई. तिचं कुणीही खरं मानलं नाही, हे आधीच सांगते. मागून ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायला नको.

त्या गावात प्रत्येक नक्षीची एक दोरी असे. कुठले धागे उचलायचे ते दोरीवरच्या गाठी सांगत, आणि गाठी सगळ्यांना वाचता येत. दर नवरात्रात देवीला याच गावचं लुगडं नेसवत. ते वेळेत झालं नाही, तर मान शेजारच्या गावाला जाणार, असा रिवाज होता.

एकदा मोतीशेट नावाचा व्यापारी आला. नक्षी लिहायला त्यानं स्वतःच्या खुणा काढल्या होत्या. शंभर गाठींचं काम एका खुणेत. त्याचा माणूस कागद बघून हाका देई, विणकर धागे उचलीत. महिन्याचं लुगडं दहा दिवसांत उतरू लागलं. काठ चुकलाच, तर तो माणूस तिथल्या तिथं दुरुस्त करी. खोटं कशाला बोलू, काम सुरेख होतं.

पण खुणांचा अर्थ तो कुणाला शिकवीना. “खुणा माझ्या, माणूस माझा. नेईन तेव्हा नेईन,” असं त्यानं तोंडावर सांगितलं.

गिरजाबाई विणकरांच्या पुढाऱ्याकडे, सदूअण्णाकडे गेली. “अण्णा, उद्या हा माणूस गेला तर कागद काय चाटायचे?”

“गिरजे, तुला हाका ऐकू येत नाहीत वाटतं. कान दाखव कुणाला तरी,” सदूअण्णा म्हणाला. सगळे हसले. मग त्यानं जुन्या दोऱ्या अडगळ म्हणून होळीत टाकायला लावल्या. गिरजाबाईनं त्यातली पोपटांची एक दोरी ओढून घेतली, कमरेला बांधली आणि घरी गेली.

नवरात्राला पंधरा दिवस उरले. देवीचं लुगडं मागावर अर्धं झालेलं, काठाला मोर. त्याच दिवशी मोतीशेटनं आपला माणूस दुसऱ्या गावी नेला. कागद राहिले, वाचणारं कुणी नाही.

गिरजाबाईनं कमरेची दोरी सोडली आणि मागावर बसली. देवी अर्ध्या मोरांचं, अर्ध्या पोपटांचं लुगडं नेसली. मान राहिला, पण जत्रेतली माणसं काठाकडे बोट दाखवून हसली.

“मोतीशेटनं फसवलं आपल्याला,” सदूअण्णा म्हणाला.

“त्यानं तोंडावर सांगितलं होतं, अण्णा. दोऱ्या काय त्यानं जाळल्या?”

तात्पर्य: दुसऱ्याच्या मालकीच्या भाषेनं काम झटपट होतं, ती खुशाल वापरावी, पण जिचा अर्थ आपल्याला कळू देत नाहीत, तिच्या भरवशावर आपली भाषा जाळू नये. जाळली, तर दोष त्या भाषेच्या मालकाचा नाही, जाळणाऱ्याचा. आणि या गावात जाळणारा होता सदूअण्णा.